न सुटणारा क्लच : आमच्या 1973 च्या पिकअपची दोन महिन्यांची तपासणी

29 सप्टेंबर 2024, रविवार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बियाणे आणि खत आणून झाल्यावर टिनाच्या शेडखाली उभी केलेली आमची पिकअप मी त्या सकाळी पहिल्यांदा सुरू केली. चौथ्या प्रयत्नाला इंजिन लागले आणि आवाजही नेहमीसारखाच होता. क्लचचे पेडल तळापर्यंत दाबून मागचा गिअर टाकायला गेले, तर दांड्यातून हाताला झिणझिण्या येतील असा कर्रकर्र आवाज आला आणि गिअर काही बसला नाही. इंजिन बंद केल्यावर तोच गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसला. म्हणून गिअरमध्येच ठेवून, पेडल दाबलेलेच ठेवून मी स्टार्टर मारला आणि गाडी एका धक्क्यात दोन हात मागे सरकली. शेडच्या खांबाला लागली नाही, हे नशीब.

माझ्यासारखीच जुनी गाडी शेतीच्या कामासाठी जपणारी आणि तिच्या पोटातले फारसे न कळणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना थोडा आधार मिळावा म्हणून पुढचे दोन महिने कसे गेले ते मी क्रमाने लिहून ठेवत आहे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आहे. गाडी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, 1973 मध्ये घेतली. लांब चेसिसची महिंद्राची जीप, पाठीमागे उघडा हौद आणि पुढे तीन माणसांची जागा. महिंद्राने विलीज कंपनीच्या जीप आपल्याकडे 1947 पासून जुळवायला सुरुवात केली, आणि आमच्या गाडीतले चार सिलिंडरचे, सुमारे 2.2 लिटरचे पेट्रोल इंजिन त्याच विलीज घराण्यातले, हरिकेन नावाचे आहे. गिअर पुढचे तीन आणि मागचा एक. त्यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रो (दाते जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारी कडी) आहे, पहिल्याला आणि मागच्याला नाही. ही गोष्ट आधी तांत्रिक तपशिलासारखी वाटते, पण पुढची सारी तपासणी याच एका गोष्टीवर उभी राहिली.

क्लचला दोन प्रकारची दुखणी होतात आणि बोलताना लोक ती एकमेकांत मिसळतात. पहिल्या दुखण्यात क्लच घसरतो : इंजिन ओरडते, पण गाडी त्या मानाने ओढत नाही. दुसऱ्यात क्लच पूर्ण सुटत नाही : पेडल तळापर्यंत दाबले तरी इंजिनाचे फिरणे थोडेफार गिअरबॉक्सपर्यंत पोचतच राहते. पेडल दाबल्यावर गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट काही सेकंदांत थांबायला हवा. तो थांबला नाही, तर ज्या गिअरला सिंक्रो नाही त्याचे दाते फिरत्या दात्यांवर घासतात आणि तो कर्रकर्र आवाज येतो. आमचे दुखणे दुसऱ्या प्रकारचे होते, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झाले. त्याचे कारण शोधायला मात्र नोव्हेंबरचा मध्य उजाडला.

घाई होण्याला आणखी एक कारण होते. नोंदणी पुस्तकाची मुदत 9 डिसेंबर 2024 ला संपत होती. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, त्यासाठी नमुना 25 भरावा लागतो आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते. मुदत संपण्याच्या 60 दिवस आधीपासूनच अर्ज करता येतो आणि मुदत उलटल्यावर चारचाकीला दरमहा 500 रुपये जास्तीचे भरावे लागतात. गाडीला पन्नास वर्षे पूर्ण झाली असल्यामुळे 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज वाहन म्हणून नोंदणी करावी का, याचाही मी विचार केला. पण त्या नोंदणीत गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला परवानगी नसते. आमची गाडी आजही वावरातून घरापर्यंत काम करते, त्यामुळे तो विचार मी सोडून दिला. मागचा गिअर पडत नसलेली गाडी तपासणीला कशी उभी करायची, हा प्रश्न मात्र रात्री झोप येऊ देत नव्हता.

सगळ्यात आधी प्लेट सोडवायची होती. चार महिने दमट हवेत उभ्या गाडीच्या फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकावर) गंज चढतो आणि क्लच प्लेट (गिअरबॉक्सच्या शाफ्टवरची अस्तर लावलेली चकती) त्याला चिकटून बसते, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. मी सोमवारी रात्री पेडल दाबून, पेडल आणि सीटची चौकट यांच्यामध्ये सागाची दांडी अडकवून ठेवली. मंगळवारी, 1 ऑक्टोबरला, सकाळी इंजिन वीस मिनिटे चालवून गरम केले आणि बंद केले. मग गाडी पडीक वावरात, पुढे बरीच मोकळी जागा ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये टाकली, पेडल दाबून धरले आणि स्टार्टर मारला. गाडी तशीच चालू लागली. मी अॅक्सिलरेटर देत आणि सोडत राहिले, मध्ये हलका ब्रेक लावला, आणि तिसऱ्या फेरीला खट् असा आवाज होऊन इंजिन मोकळे झाले. हा उपाय करताना पुढे माणूस, जनावर किंवा विहीर काही असता कामा नये, आणि इंजिन बंद करायच्या चावीवर हात तयार असावा.

मला वाटले, संपले. पण गाडी घरी आणून मागचा गिअर टाकला तर आवाज पुन्हा आला. आधीइतका कर्कश नव्हता, पण होता. पेडल दाबून दहा सेकंद थांबले तरी होता, वीस सेकंद थांबले तरी होता. गाडी आता पेडलला दाद देत होती, म्हणजे प्लेट चिकटलेली राहिली नव्हती. तरीही शाफ्ट पूर्ण थांबत नव्हता.

3 ऑक्टोबरला मी जवळच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पेडलच्या सळईचा नट आवळला, आणि खरोखरच तासाभरापुरता फरक पडला. मग ते म्हणाले, “ताई, प्लेटच गेली असन. पुरा सेट टाकून देऊ, मग झंझट राहत नाही.” प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब उचलणारे रिलीज बेअरिंग असा संच 9,500 रुपयांचा आणि गिअरबॉक्स उतरवायची मजुरी 4,000 रुपये. सोयाबीन अजून वावरात उभे होते, हाती पैसा नव्हता, म्हणून मी दसऱ्यापर्यंत वेळ मागून घेतला. त्या मिस्त्रींचा अंदाज खोटा होता असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यानंतरच्या दहा गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत तेच निघत असेल. पण हाताने काहीही न मोजता साडेतेरा हजारांचा निर्णय घ्यायला माझे मन तयार होईना.

नट आवळण्याबद्दल इथेच सांगते, कारण त्यात मोठे नुकसान दडलेले आहे. पेडलला वरच्या बाजूला थोडी मोकळी चाल असावी लागते. या जीपसाठी ती साधारण एक इंच. ती चाल संपवली, की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर सतत टेकून फिरत राहते आणि लवकर जाते. त्याशिवाय प्लेटवरचा दाब कमी होऊन क्लच घसरायला लागतो, म्हणजे एका दुखण्याची दोन होतात. मी पट्टी पेडलशेजारी उभी धरून पाहिले तेव्हा मोकळी चाल शून्य झालेली होती. मी नट सोडवून ती पुन्हा एक इंचावर आणली आणि आवाज जिथे होता तिथे परत आला. म्हणजे क्लचला सुटण्यासाठी जेवढी हालचाल लागते तेवढी त्याच्यापर्यंत पोचत नव्हती, एवढा निष्कर्ष तरी हाती लागला.

12 ऑक्टोबरला दसऱ्याची पूजा झाली, गाडीला झेंडूचा हार घातला, आणि सोमवारी, 14 तारखेला, माझ्या नणंदेचा मुलगा सुट्टीवर आलेला होता त्याला सोबत घेऊन मी तपासणीला बसले. तो यवतमाळला आयटीआय करतो. काळ्या मातीत जॅक खचतो, त्यामुळे आम्ही आधी सागाच्या दोन जाड फळ्या खाली टाकल्या, पुढच्या चाकांना दगडांच्या उटी लावल्या, मागचा अॅक्सल उचलून त्याखाली लोखंडी घोड्या ठेवल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

पहिली तपासणी इंजिन बंद ठेवून केली. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, पेडल दाबलेले, आणि मधला लांब शाफ्ट हाताने फिरवून पाहायचा. चाक फिरवून उपयोग होत नाही, कारण दोन्ही चाके अधांतरी असताना एक फिरवले की दुसरे उलटे फिरते आणि आपल्याला वाटते सगळे मोकळे आहे. भाचा खालून म्हणाला, “मामी, फिरते, पण जड फिरून राह्यला.” पेडल सोडले की शाफ्ट अजिबात हलत नव्हता, ते बरोबरच होते. पेडल दाबल्यावर मात्र तो दोन बोटांनी फिरायला हवा होता आणि त्याला दोन्ही हात लावावे लागत होते.

दुसरी तपासणी हालचालीची. गिअरबॉक्सच्या घंटीसारख्या घरातून क्लचचा फोर्क, म्हणजे रिलीज बेअरिंगला ढकलणारा दांडा, बाहेर येतो. त्याच्या टोकावर आणि शेजारच्या लोखंडावर खडूने रेघा मारल्या, मी पेडल तळापर्यंत दाबले आणि भाच्याने पट्टीने मोजले : 17 मिलिमीटर. हा आकडा चांगला की वाईट, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. पण मोजताना त्याला जे दिसले ते आकड्यापेक्षा मोलाचे होते. पेडलपासून फोर्कपर्यंतची ओढ एका आडव्या नळीतून जाते. तिचे एक टोक चेसिसला आणि दुसरे इंजिनाच्या बाजूला, दोन्हीकडे गोळ्यांवर टेकलेले असते. पेडल दाबले की ही नळी आधी तिरकी होत होती, मग फिरत होती. तिच्या कानांची भोके गोल राहिली नव्हती, लांबट अंड्यासारखी झाली होती, आणि त्यातल्या पिना निम्म्या झिजल्या होत्या. पन्नास वर्षांत तिथे कोणी ग्रीस दिले असेल असे वाटत नव्हते. त्यात मीही आले, कारण 1998 पासून ही गाडी बहुतेक वेळा मीच चालवते.

इंजिनाचे रबरी माउंटही पाहून घेतले. ते दबून ढिले झालेले असतील तर पेडल दाबताना सगळे इंजिनच थोडे सरकते आणि ओढ वाया जाते. आमचे ठीक होते. बॉनेट उघडे ठेवून एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने इंजिनाकडे पाहायचे, एवढे त्यासाठी पुरते.

17 ऑक्टोबरला आडवी नळी काढून मी एसटीने दारव्ह्याला वेल्डिंगच्या दुकानात नेली. ते दिवस सोयाबीनच्या मळणीचे. दुकानासमोर तीन मळणीयंत्रे उभी होती आणि माझे काम पुढच्या मंगळवारी होईल, असे सांगण्यात आले. शेतकऱ्याचे धान्य वावरात पडलेले असताना माझ्या नळीने थांबायलाच हवे होते, त्याची मला तक्रार नाही. 22 तारखेला कानांची भोके भरून नवी पाडली, पिना आणि गोळ्या नव्या करून घेतल्या. 900 रुपये झाले. बुधवारी ते बसवले, भरपूर ग्रीस दिले, मोकळी चाल एक इंच ठेवली आणि पुन्हा मोजले. फोर्क आता 24 मिलिमीटर सरकत होता. सात मिलिमीटर ओढ नुसती ढिलाईत हरवत होती.

मागचा गिअर न घासता बसला. मी घरात जाऊन चहा केला आणि सगळ्यांना दिला.

तो आनंद दोन दिवस टिकला. 25 ऑक्टोबरला सोयाबीनची पोती आणायला पांदणीतून तीन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला, इंजिन चांगले तापलेले असताना, पहिला गिअर पुन्हा घासला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत आवाज नव्हता, दुपारी तापल्यावर आला. मी एका जुन्या वहीत तीन दिवस नोंद ठेवली : किती वाजता, किती किलोमीटर चालल्यावर, कोणता गिअर, पेडल दाबून किती सेकंद थांबले. या नोंदीचा उपयोग मला कोणत्याही पान्यापेक्षा जास्त झाला. चित्र असे होते, की थंडीत गिअर स्वच्छ बसतात, साधारण सहा-सात किलोमीटरनंतर घासायला लागतात, आणि तासभर गाडी उभी केली की पुन्हा बरे होतात. शिवाय गरम असताना, पेडल दाबून पहिल्या गिअरमध्ये गाडी सुरू केली तर ती पुढे रांगायची, पण ब्रेकवर पाय नुसता टेकवला तरी थांबायची आणि इंजिनाचा वेग फारसा पडायचा नाही. म्हणजे जी पकड राहत होती ती अगदी हलकी होती.

वाकलेली प्लेट किंवा अपुरी ओढ असती तर ती थंड असतानाही तशीच वागायला हवी होती. तापल्यावर पकड वाढते असे काय असेल, हा प्रश्न घेऊन मी आमच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आयुष्यभर जीप आणि ट्रॅक्टर दुरुस्त केले आहेत आणि आता ते काम थोडेच घेतात. त्यांनी वही वाचली, चष्मा काढला आणि विचारले, “बाई, या गाडीचं इंजन मधात कधी खोललं होतं का?”

खोलले होते. एप्रिल 2022 मध्ये एका दुसऱ्या गावी इंजिनाचे काम करून घेतले होते आणि त्या पावतीवर ‘बुश – खराद’ (खराद म्हणजे लेथ) अशी 150 रुपयांची एक ओळ होती. तोपर्यंत मी त्या ओळीकडे कधी लक्षच दिले नव्हते.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बारीक टोक क्लच प्लेटमधून पुढे जाऊन फ्लायव्हीलच्या मध्यभागी, क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकातल्या एका छोट्या बुशमध्ये, म्हणजे नळीसारख्या धातूच्या कडीत, टेकते. त्याला पायलट बुश म्हणतात. गाडी गिअरमध्ये चालत असते तेव्हा क्रँक आणि शाफ्ट एकत्रच फिरतात, त्यामुळे या बुशला काहीच काम नसते. पेडल दाबले, की क्रँक फिरत राहतो आणि शाफ्टला थांबायचे असते, तेव्हाच बुश आणि शाफ्ट एकमेकांवर घासतात. तो बुश कोरडा किंवा घट्ट असेल, तर क्लच पूर्ण सुटलेला असूनही बुशच शाफ्टला आपल्याबरोबर फिरवतो. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते. बाहेरून ते क्रँकच्या भोकात अडकलेले असते, त्यामुळे तापल्यावर त्याचे भोक आत मिटत जाते. माझ्या वहीतल्या दुपारच्या नोंदींचा अर्थ मला त्या क्षणी लागला.

त्यांच्याकडे दिवाळीनंतरचीच तारीख होती. 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले, आणि शुक्रवारी, 8 तारखेला, गाडी त्यांच्याकडे नेली. गरम होऊ नये म्हणून पहाटे निघाले आणि वाटेत दोनदा थांबले. आतला पत्रा, दोन्ही शाफ्ट, दांडे असे सगळे काढून गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) एकत्र साखळीपुलीने उतरवायला दिवस गेला. शेवटच्या इंचाला गिअरबॉक्स अडकून बसला, सुटेचना. ओढून, हलवून तो बाहेर आला तेव्हा शाफ्टच्या टोकावर पितळेचा पिवळा लेप चढलेला होता आणि मागच्या बाजूला गंजाची एक कडी होती. मिस्त्रींनी काही न बोलता ते टोक माझ्यासमोर धरले.

बाकीचे सामानही त्यांनी बारकाईने पाहिले. प्लेट जाड काचेवर ठेवली तर सपाट बसत होती, रिव्हेटच्या वर अजून दीड मिलिमीटर अस्तर शिल्लक होते, शाफ्टच्या खाचांवर ती हलकेच सरकत होती, प्रेशर प्लेटची बोटे एका पातळीत होती. म्हणजे 9,500 रुपयांच्या संचातली एकच वस्तू, रिलीज बेअरिंग, बदलण्यासारखी होती, आणि तीही खोललेच आहे म्हणून. इथे एक सावधगिरी सांगायला हवी : जुन्या क्लचच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे आतली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. आम्ही ती ओल्या फडक्याने पुसली आणि फडके पिशवीत बांधून टाकले. प्रेशर प्लेट काढण्याआधी तिच्यावर आणि फ्लायव्हीलवर जुळणारी खूणही ठोकून घेतली होती.

जुना बुश काढायची रीत पाहण्यासारखी होती. त्याच्या भोकात ग्रीस ठासून भरले, भोकाच्या मापाची सळई त्यात घालून हातोडीने ठोकत गेले, आणि ग्रीसच्या मागून येणाऱ्या दाबाने बुश आपोआप बाहेर सरकत आला. तो नुसत्या पितळेचा, खरादावर कातलेला होता. मूळचा बुश सच्छिद्र काशाचा असतो, त्याच्या अंगात तेल मुरलेले असते आणि ते वर्षानुवर्षे पुरते. साध्या पितळेत ती सोय नाही. सुरुवातीला लावलेल्या तेलावर दोन वर्षे निघाली आणि 2024 च्या पावसाळ्यात ते संपले असावे.

सोमवारी, 11 नोव्हेंबरला, मी यवतमाळहून एसटीने नागपूरला गेले. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च आटोक्यात राहिला. सोबत जुना बुश, आणि शाफ्टच्या टोकाचे व क्रँकच्या भोकाचे मायक्रोमीटरने घेतलेले माप कागदावर लिहून नेले होते. जुना बुश एकटा नेऊन चालत नाही, कारण तोच चुकीचा असू शकतो. पहिल्या दोन दुकानांत मिळाला नाही, तिसऱ्या दुकानदाराने जुन्या डब्यातून काढून दिला : 240 रुपये. रिलीज बेअरिंग 550.

बुश रात्रभर कोमट इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवला. ठोकून बसवल्यावर त्याचे भोक थोडे आवळते, आणि 2022 मध्ये नेमकी हीच गोष्ट राहून गेली असावी. मिस्त्रींनी रीमर (भोक किंचित रुंदावणारे हत्यार) हळूहळू फिरवून शाफ्टभोवती सुमारे पाच शतांश मिलिमीटर मोकळीक ठेवली, शाफ्टचे टोक बारीक पॉलिश पेपरने तेल लावून साफ केले, आणि शाफ्ट बोटाने फिरवून दाखवला. प्लेट मध्यावर आणण्यासाठी खरादवाल्याकडून लाकडी दांडा कातून घेतला होता. गुरुवारी, 14 तारखेला, संध्याकाळी गाडी जुळली. मोकळी चाल पुन्हा एक इंचावर ठेवली. मी मुद्दाम वीस किलोमीटर चालवून इंजिन तापवले, रस्त्याच्या कडेला थांबले, पेडल दाबून तीन आकडे मोजले आणि मागचा गिअर टाकला. काहीच आवाज आला नाही. मी तीनदा पुन्हा करून पाहिले आणि मग थोडा वेळ तशीच बसून राहिले.

खर्चाचा हिशेब असा झाला : नळीचे काम 900, मजुरी 4,000, बुश 240, बेअरिंग 550, रीमर आणि खरादाचे 350, गिअरबॉक्स व ट्रान्सफर केसचे तेल 800, प्रवास आणि जेवण 700. एकूण 7,540 रुपये. संच बदलला असता तर त्याहून बरेच जास्त गेले असते. त्यातही मिस्त्रींना पायलट बुश संशयास्पद वाटला नसता आणि त्यांनी तोच आत ठेवला असता, तर आवाज तसाच राहिला असता.

नोंदणीचे काम त्यामानाने सरळ झाले. परिवहन संकेतस्थळावर अर्ज, 5,000 रुपये शुल्क आणि कार्डाचे वेगळे, पर्यावरण कर, चालू विमा, 125 रुपयांचे पीयूसी. चेसिस क्रमांकाचा पेन्सिलीने घेतलेला ठसा लागतो. तो क्रमांक रंगाच्या आणि मातीच्या थराखाली गेला होता, रॉकेलने पुसून तासाभराने वाचता आला, म्हणून हे काम घरीच आदल्या दिवशी करून ठेवावे. 20 नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान असल्यामुळे त्या आठवड्यात जाण्यात अर्थ नव्हता. तपासणीची वेळ 27 तारखेची मिळाली. निरीक्षकांनी दिवे, भोंगा, ब्रेक, रिफ्लेक्टर पाहिले, चेसिस क्रमांक ताडून पाहिला आणि म्हणाले, “मागे घ्या.” मी मागे घेतली. नवे कार्ड 19 डिसेंबरला टपालाने आले. ज्यांचे नूतनीकरण आता यायचे आहे त्यांच्यासाठी : ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरील हलक्या मोटार वाहनांचे हे शुल्क 10,000 रुपये झाले आहे.

2025 च्या जूनमध्ये गाडी शेडखाली लावताना पेडल दाबून तीच सागाची दांडी अडकवून ठेवली, आडव्या नळीला ग्रीस दिले, आणि दर पंधरा दिवसांनी, पाऊस उघडला की, इंजिन दहा मिनिटे चालवून पेडल वीस-पंचवीस वेळा दाबून सोडले. 5 ऑक्टोबर 2025 ला, रविवारी, दांडी काढून गाडी सुरू केली आणि मागच्या गिअरमध्ये शेडबाहेर घेतली. भाचा फाटकाशी कान देऊन उभा होता. त्याने हात वर केला.